बाबांचा डावा पाय आणि निळी गाडी

हिवाळ्यात आमच्या माळावर धुकं उतरतं तेव्हा समोरचं काहीच खरं वाटत नाही. आधी गोठा दिसेनासा होतो, मग पेंढ्याची उडवी, मग जामसर गावाकडे जाणारी वाट. उरते ती शेडमधली निळी गाडी, तीही अर्धीच. लहानपणी मला वाटायचं, ही रात्री एकटीच कुठेतरी हिंडून येते आणि सकाळी काही झालंच नाही अशी उभी राहते. आता मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, तिचा एकूण एक बोल्ट माझ्या हाताखालून गेला आहे, तरी कधी कधी तसंच वाटतं.

गाडी अमेरिकन. लांबलचक, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख, पुढे चकचकीत जाळी. बाबा जव्हारला एका शेटजींकडे ड्रायव्हर होते. शेटजींनी नवी गाडी घेतली आणि ही बाबांना देऊन टाकली. पेट्रोल फार पिते म्हणून बाबांनी तिच्यात जीपचं डिझेल इंजिन बसवलं आणि जव्हार-मोखाडा रस्त्यावर सवाऱ्या भरायला लागले. पुढची सीट सलग, त्यामुळे तिथेच चौघं मावायचे. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या कितीतरी नवऱ्या या गाडीतून सासरी गेल्या. मीही गेले. पुढे रस्त्यावर जीपा वाढल्या आणि ही शेडमध्ये आली, पण बाबा रोज सकाळी तिला सुरू करून थोडा वेळ नुसते आत बसायचे.

मग बाबांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू पार लुळी पडली. मी तेव्हा ठाण्याकडे एका कारखान्यात फिटर होते, ते सोडून माहेरी राहायला आले. हात बराचसा परत आला, पाय आला नाही. दवाखान्यात सांगितलं होतं की पाय रोज हलवत राहा, नाहीतर तो कायमचा जाईल. मी म्हणायची, "बाबा, हलवा ना जरा." ते पायाकडे बघायचेसुद्धा नाहीत. "तो आता माझा नाय," म्हणायचे, आणि ओट्यावर शेडकडे पाठ करून बसायचे. मला माणसाचं गप्प बसणं सोसत नाही. भांडा, शिव्या द्या, पण गप्प नका बसू.

त्याच रागात मी ठरवलं, डाव्या पायाची गरजच नसलेली गाडी करायची.

भिवंडीच्या भंगारातून एका अपघातातल्या जीपचं इंजिन आणि त्याला जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. गाडीच्या तळाच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती, तो कापून नवा जोडला. दारांवरचे पोचे लांबीचा लगदा भरून बुजवले. पुढे डिस्क ब्रेक लावले, वायरिंग सगळं नवं ओढलं. डाव्या पायाने दाबायचं क्लचचं पेडल आता लागणार नव्हतं, ते काढून खिळ्याला टांगलं. ते दिवस आठवले की मला झोपेतले वाटतात. पॉलिश पेपर फिरवत गेले की निळ्याखाली हिरवा रंग निघायचा, हिरव्याखाली पुन्हा एक फिकट, दुधाळ निळा, आणि तो बघत मी हातातलं काम विसरून उभी राहायची. सीट उसवली तर आत काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि अक्षतांचे पिवळे दाणे. कोणाकोणाच्या लग्नातले, देव जाणे. ते मी फेकले नाहीत, नव्या काथ्याबरोबर परत शिवून टाकले. आई येता-जाता बघायची आणि म्हणायची, "तुझ्या लग्नात तुला एवढी हळद नाय लावली, जेवढी हिला लांबी फासतेस."

रस्त्यावर बाबांना आता कोणी चालवू देणार नव्हतं, मीही नाही. पण माळ आपला होता. भात कापून झालं, गवत सुकलं, आणि एका सकाळी मी त्यांना उचलून गाडीत बसवलं. डावा पाय हाताने धरून आत ठेवला. कसं चालवायचं ते सांगितलं. त्यांनी एक फेरी मारली. गाडी धुक्यात शिरली, धुक्यातून बाहेर आली. मला वाटलं, झालं, जिंकले.

त्यांनी माझ्यासमोर येऊन गाडी बंद केली आणि दार उघडलं. "ही आपली आपण चालते," म्हणाले. "मला कशाला बसवलंस?"

माझं डोकंच फिरलं. वर्षभर नखात काळं घेऊन जेवले होते मी. "मग चालत जा घरी!" असं ओरडले आणि दुसऱ्याच क्षणी जीभ चावली. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून उघड्या दारातून खाली बघत राहिले.

तिथे त्यांचा डावा पाय हलत होता.

अगदी थोडा. अनवाणी टाच रबरी मॅटवर पुढे सरकायची, थांबायची, मागे यायची. बाबांचं लक्षही नव्हतं, ते समोर धुक्यात बघत होते. आणि पाय आपला क्लच शोधत होता, मी जिथून काढला होता बरोबर त्याच जागी. बाबांना काही बोलले नाही, आईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी पेडल परत बसवलं. ते कशालाच जोडलं नाही. मागे फक्त एक स्प्रिंग लावली, डब्यातली सगळ्यात मऊ, लहान मुलालाही दाबता येईल अशी.

बाबा बसले. पाय चाचपडत वर आला, पेडल जरासं दबलं. एवढी वर्षं गाडी चालवलेला माणूस, त्यांना तेवढ्यातच कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्टेअरिंगजवळची गिअरची दांडी ओढली आणि गाडी निघाली. गिअर आपोआप पडत होते, तरी प्रत्येक गिअरला त्यांचा पाय पेडलकडे जात होता.

तेव्हापासून रोज सकाळी फेरी असते. आई मागे बसते आणि पूर्वीच्या सवाऱ्यांसारखी कुरकुर करते, हळू चालवा म्हणते. बाबा तिला दटावतात. घरात पुन्हा आवाज असतो, आणि मला ते फार आवडतं.

परवा माळाच्या मध्येच त्यांनी गाडी थांबवली आणि मला हाक मारली. "बाय, हा क्लच लय हलका झालाय. स्प्रिंग बदल. कडक टाक."

"टाकते," म्हटलं आणि शेडकडे पळाले. डबा उघडून एकेक स्प्रिंगची तार किती जाड आहे ते बघायला लागले. डोळे इतके भरून आले होते की हातातली कुठली मऊ आणि कुठली कडक ते काही केल्या कळेना. बाहेर हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला, लांब. बाबांना घाई झाली होती.