उधाण नसताना हाकाटी

सानपाड्याच्या देवजीला एका गोष्टीचा भारी गर्व. उधाणात खाडीच्या बांधाला खांड पडली, पाणी शेतात घुसू लागलं, की त्याच्या एका हाकेवर अख्खा गाव चिखलाची घमेली घेऊन धावायचा. पुढं शेतं सरकारनं घेतली, पलीकडं वाशीच्या इमारती उठल्या. देवजीची मिजास मात्र तसूभर उतरली नाही.

त्र्याऐंशी साली त्याच्या बायकोच्या, गोजराच्या, नाका-गालांवर लालभडक चट्टे उठले. उन्हात गेली की तोंडाची नुसती आग. सांधे धरले, ताप हटेना. भगत झाला, अंगारे झाले. शेवटी वाशीच्या दवाखान्यात सुनीती डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून रोगाचं नाव सांगितलं, ल्यूपस.

"जंतू शिरला, की रक्तातल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात आणि बाकीच्या धावून येतात," त्या म्हणाल्या. "यांच्या अंगात जंतू नसतानाच निरोप सुटताहेत. आलेल्या पेशी मग यांच्याच सांध्यांवर, कातडीवर तुटून पडतात. उद्या मूत्रपिंडांवरही पडतील. या गोळ्या ती धावपळ दाबतात. मला विचारल्याशिवाय एकही सोडायची नाही."

"म्हंजे खांड नाय आनी कोनतरी हाकाटी करतंय," देवजी म्हणाला. "गाव धावतंय नि आपलंच शेत खनतंय!"

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पण घोडं पेंड खात होतं ते इथंच.

गोळ्यांनी गोजरा हिंडूफिरू लागली. चट्टे मावळले, पण त्याच गोळ्यांपायी तोंड टोपलीएवढं सुजलं आणि शेजारणी फिदीफिदी हसू लागल्या. देवजीनं आपलं डोकं चालवलं. हाकाटी थांबली ना? मग गोळ्यांचे गडी घरी पाठवायचे, बांधावर रोज कशाला उभे करायचे? बायको 'बंद नको, बंद नको' म्हणत असताना या शहाण्यानं गोळ्या एकदम बंद केल्या.

महिना उलटायच्या आत गोजराचे पाय खांबासारखे झाले, लघवी आटली, धाप लागली. टेम्पोत घालून तिला वाशीला आणलं, तेव्हा मूत्रपिंडांना सूज चढली होती.

"लघवी सुटली तर वाचतील," शिरेत इंजेक्शन देत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर माझ्या हातात काही नाही."

देवजी खाटेखालच्या, नळीतून लघवी जमायच्या बाटलीकडं टक लावून बसला. भर उधाणात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहणारा माणूस, पण इतका तो जन्मात भ्याला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीच्या तळाशी थोडं लालसर पाणी दिसलं. संध्याकाळी ती अर्धी भरली.

डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली, सुस्कारा सोडला आणि मग त्यांचा पारा चढला. "गोळ्या कोणी बंद केल्या?"



"मीच," गोजरा म्हणाली.

सुजलेल्या, दमलेल्या त्या बाईला डॉक्टरीणबाईंनी फाडफाड बोलून घेतलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं देवजीला झालं. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या तसा तो उठला.

"खरं काय ते सांगून येतो."

गोजरानं त्याचं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण सोडीना.

"गप रवा. बाई रागावली नि तुमाला भायेर काढलं, तर माझ्यापाशी कोन बसंल? मना एकटीला भ्या वाटतं."