पॅडवरचं प्लास्टिक

माझ्या वहिनीच्या कमरेचं दुखणं माझ्या अतिशहाणपणामुळं आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिच्या टायपिंगसाठी कॉम्प्युटर मी जोडला, दिवाळीत. गुलमंडीतल्या एका दुकानात चार दिवस नुसतं बघून आलो होतो, तेवढ्यावर लई शहाणा झालो होतो. प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवतात, हीटसिंक. दोघांच्या मधे एक मऊ, करडा पॅड. त्याच्या दोन्ही अंगांना पातळ प्लास्टिक होतं. मी वरचं काढलं, खालचं ठेवलं.

"भाऊजी, हे नाय काढायचं?" वहिनीनं विचारलं.

"राहू द्या. धूळ लागणार नाय."

आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटवरसुद्धा पाच वर्षं प्लास्टिक होतं. नव्या वस्तूचं कव्हर फाडणं म्हणजे उधळेपणा!

थंडीत मशीन छान चाललं. विद्यार्थ्यांचे प्रबंध वहिनी टाइप करून द्यायची. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचं स्वतःचं असं काम होतं, आणि ती खुशीत असायची. एप्रिलमधे मात्र मशीन अर्ध्या तासात आपोआप बंद पडायला लागलं.

"एकदा खोलून तर बघा," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "वहिनी, या उन्हात माणसं चक्कर येऊन पडतात, ते तर मशीन! कूलर लावा त्याला."

ते साल दुष्काळाचं. आमची कॉलनी नवीन, नळ अजून पोचला नव्हता, टँकर चार दिवसांनी यायचा. कूलर पाणी पितो म्हणून आम्ही तो बंदच ठेवला होता. वहिनीनं माझं ऐकलं. स्वतःच्या आंघोळीचं पाणी ती कूलरमधे ओतायची आणि टँकर आला की एक हंडा जास्तीचा वर आणायची, तिसऱ्या मजल्यावर. मशीन जरा जास्त वेळ टिकायचं. "बघा, सांगितलं होतं का नाय?" मी ऐटीत म्हणायचो.

एकदा जिन्यातच तिच्या कमरेत चमक भरली. हंडा घरंगळत खाली गेला आणि ती पायरीवर बसून राहिली. डॉक्टरांनी फार वेळ बसायला मनाई केली. टायपिंग सुटलं ते सुटलंच.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच गुलमंडीतल्या दुकानात कामाला लागलो. पहिल्याच दिवशी मालक ओरडला, "अबे, पन्नी कौन निकालेगा?" पन्नी म्हणजे पॅडवरचं प्लास्टिक; ते राहिलं तर प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात पोचतच नाही. संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटर खोलला. प्लास्टिक होतं तिथंच होतं, पिवळं पडून सुरकुतलेलं. पॅडसकट ते काढलं, त्याजागी उष्णता वाहून नेणारी पेस्ट हरभऱ्याएवढी लावली. दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या रणरणत्या दुपारी, कूलर न लावता मशीन चार तास चाललं.

वहिनी पलंगावर पडून बघत होती. "आता कसं काय चालतंय हो?"

"नवीन पेस्ट लावली."

"असं व्हय." ती कमरेला हात लावून कुशीवर वळली. "मागच्या साली मिळत नव्हती का ही?"

"नाय वहिनी," मी म्हणालो. प्लास्टिक माझ्या खिशात होतं.