युकॉनचं सोनं आणि टिपणिसांच्या मिरच्या

दादरच्या रमाकांत टिपणिसांना थंडी म्हणून सोसत नाही. एसी बसमध्येसुद्धा कानाला मफलर. आणि जीव जडलाय कुठे, तर कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, युकॉनमध्ये, जिथे नदीसुद्धा गोठते. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे सोनं सापडलं, तो सगळा इतिहास या माणसाला पाठ. विमा कंपनीत असताना लागलेलं खूळ रिटायर झाल्यावर फुलटाइम झालं. दुःख एकच. ही गोष्ट आजवर शेवटपर्यंत कोणी ऐकली नव्हती. मुलगा यशोधन सोनं सापडायच्या आतच कानात इअरफोन घालतो. बायकोला, मृणालिनीला, नेमकं तेव्हाच गॅसवरचं दूध आठवतं.

मे महिन्यात मृणालिनीची कंबर धरली आणि वर्षाचा मसाला राहिला. मग मसाला कुटून आणायला लालबागच्या डंकावर रमाकांतरावांना धाडणं आलं. तिथे आपलं कुटून होईपर्यंत घरचं माणूस समोर बसवायचंच, नाहीतर कोणाचं तिखट कोणाच्या डब्यात जाईल, नेम नाही.

"बोलायचं नाही. नुसतं बघायचं," मृणालिनीने बजावलं.

लोखंडी मुसळं धबाधबा पडत होती. समोर पिशव्या घेऊन बायका, नाकाला पदर लावून. रमाकांतराव स्टुलावर टेकले, एकदा शिंकले, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की यातली एकही बाई उठून जाऊ शकत नाही.

झालं. शेजारी परळच्या गंगुबाई होत्या, मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्यापासून सुरुवात केली. ओढ्यात सोनं चमकलं, बातमी फुटली, लाखभर माणूस घरदार सोडून निघालं. मुसळांच्या वर आवाज काढावा लागत होता, त्यामुळे सगळ्या गल्लीलाच ऐकू जात होतं.

"आणि सरहद्दीवर पोलीस. वर्षभराचं खाणं सोबत असल्याशिवाय आत सोडत नसत. पीठ, घेवडा, साखर, सगळं पाठीवर लादून बर्फाचा डोंगर चढायचा."

बायका सरसावून बसल्या.

"मगे मसालो?" गंगुबाईंनी विचारलं.

"मसाला नाही."

"वरीसभर बिनमसाल्याचा गिळल्यानी? तरीच सोन्यामागे पळत होते मेले. घरात चव नाय."

रमाकांतरावांना असा प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता. चेहरा असा खुलला, की बायकोने पाहिलं असतं तर संशय घेतला असता. गोष्ट रंगली. माणसं पोहोचली तोवर चांगल्या जागा आधीच्यांनी धरलेल्या. तरी गाव उभं राहिलं, हॉटेलं आली, नाटकाचं थिएटर आलं.

"काका, ही पाटी तुमची ना?" डंकवाल्या सीतारामने भाजलेला गरम मसाला पुढे धरला.

"हो हो, टाक. तर एका उन्हाळ्यात खबर आली, अलास्काच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूतच सोनं आहे. की हजारो माणसं निघालीसुद्धा. भरलेलं गाव रिकामं."

"म्हणजे तिथेसुद्धा? आमच्या गिरण्या बंद पडल्या तसंच?" एक बाई एवढंच बोलली. गोष्ट संपली होती. रमाकांतरावांनी सुखाने घाम पुसला, आणि गंगुबाईंनी आपली पाटी शोधायला मान वळवली.

त्यांचे धणे, बडीशेप, खसखस, सगळं टिपणिसांच्या मिरच्यांत कुटून लाल झालं होतं.

"माझी पण नजर होती खंय," गंगुबाई म्हणाल्या. "घाल रे सीतारामा, माझ्या मिरच्या नि ह्यांचा मसालो पण घाल त्यातच. वाटून घेव."

घरी मृणालिनीने डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला.

"हा आपला नव्हे."

"अर्धा आहे," रमाकांतराव म्हणाले. मग सगळं सांगितलं. शेवटी हळूच, "पण अगं, शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. सगळ्यांनी."

मृणालिनी त्यांच्याकडे बघत राहिली. भांडण तोंडाशी आलेलं, पण हा माणूस लग्नातसुद्धा इतका खूश दिसला नव्हता.

"पुढच्या वर्षी मिरच्यांसमोर मी बसेन," ती बरणी पुसत म्हणाली. "तुम्ही नुसतं बोलायला या."