बोंबलांच्या राखणीला मामाची बंदूक

मामाची छर्‍याची बंदूक मी दुरुस्त केली ती एका बाईचे बोंबील कावळ्यांपासून वाचवण्यासाठी. त्या आठवड्यात तिच्या बोंबलांचं जे नुकसान झालं, त्यातलं बरंचसं माझ्यामुळं झालं. आता हे हसत सांगता येतं. अगदी पूर्ण हसत नाही.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी आणि माझा मित्र आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकत होतो. मी अंधेरीच्या चाळीतला, वडील गिरणीत, गाव कोकणात. तो वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. त्याला वडील नव्हते. आई बोंबील वाळवायची आणि अंधेरीच्या बाजारात विकायची, त्यावर घर चालायचं. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला फिटर म्हणायची.

पावसाळा संपला की किनार्‍यावर बांबू रोवून दोर्‍या बांधायच्या आणि त्यावर ओले बोंबील टांगायचे, अशी त्यांची रीत. याला वलांडी म्हणतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसर्‍याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मग ऊन आणि वारा आपलं काम करतात. कावळेही आपलं काम करतात. दरवर्षी मावशी दिवसभर काठी घेऊन वलांडीखाली फिरायची. त्या वर्षी होडीतून उतरताना तिचा पाय मुरगळला आणि चांगलाच सुजला. ती खाटेवर बसून नुसत्या शिव्या द्यायची, आणि शिव्यांना कावळे भीक घालत नव्हते. मोसमातला पहिला मोठा माल होता. तो गेला असता तर दिवाळी कठीण होती.

मित्र हे सगळं मला वर्कशॉपमध्ये सांगत होता. मी ऐटीत म्हणालो, बंदूक आणतो.

मामानं ती बंदूक जत्रेतल्या फुगेवाल्याकडून घेतली होती. घरात ती खिळ्याला टांगलेली असे आणि दसर्‍याला तिची साग्रसंगीत पूजा होई. तिच्यातून सुटलेला छर्रा समोरच्या भिंतीपर्यंत पोचला तर नशीब. मामा म्हणाला, ने, पण दसर्‍याच्या आधी आण.

मित्राच्या पडवीत आम्ही ती उघडली. हत्यारं म्हणजे एक पेचकस, एक पक्कड, एक कानस. स्प्रिंग उडाली ती थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर. नळीतून आधी कुंकू निघालं, मग हळद, मग बोटभर अक्षता. इतक्या वर्षांची पूजा आत साचली होती. मित्र म्हणाला, "यार, ही बंदूक नाही, देव्हारा आहे."

खरा दोष होता आतल्या चामड्याच्या वायसरमध्ये. तो वाळून खोबर्‍याच्या कातळीसारखा झाला होता, त्यामुळं हवा धरत नव्हता. स्टोव्हच्या पंपाचा वायसर लावून बघितला, मापात बसेना. मग माझ्या वडिलांच्या टाकून दिलेल्या चपलेचं चामडं कापून, कानशीनं घासून नवा केला. त्यावर आमच्या मास्तरांनी नक्की शाबासकी दिली असती. चामडं मऊ राहायला तेल हवं. कोळीवाड्यात तेल म्हणजे होड्यांच्या लाकडाला लावतात ते माशाचं तेल. मित्रानं डबाच आणला. आम्ही वायसर त्यात रात्रभर बुडवून ठेवला.

सकाळी पहिला बार काढला तेव्हा मी दचकून दोन पावलं मागं आलो. मोठा आवाज झाला, नळीतून निळा धूर निघाला आणि छर्रा रिकाम्या डब्याच्या पत्र्याला पोचा पाडून गेला. मला आभाळ ठेंगणं झालं. मग वास आला. तव्यावर मासळी करपल्याचा वास. शेजारीण बाहेर येऊन विचारू लागली, इतक्या सकाळी काय तळताय. हवा दाबली की ती तापते, तेल जळतं, हे मला आज कळतं. तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघून फक्त हसलो.

कावळे पहिल्या आवाजाला उडाले. दुसर्‍याला थोडे लांब जाऊन बसले. तिसर्‍याला परत आले, आणि येताना समुद्रावरचेही घेऊन आले. त्यांना वास आवडला होता. दुपारपर्यंत वलांडीवर एवढे कावळे जमले की दोर्‍या खाली आल्या. दोन मांजरं माझ्या पायाशी बसून नळीकडं बघत होती.

मावशीनं खाटेवरून हाक मारली. "अरं फिटर, तुजी बंदूक कावल्यांना जेवाया बोलावते रं."

तिच्याकडं दुसरा उपाय होता. किनार्‍यावर सगळेच तो करायचे. एक कावळा मारायचा आणि वलांडीच्या टोकाला उलटा टांगायचा. तो दिसला की बाकीचे फिरकत नाहीत. बंदुकीत आता तेवढा जोर होता. मावशी म्हणाली, "येक मारून दे मना. येकच."

मित्राचा नेम चांगला नव्हता, माझा होता. जत्रेत मी फुगे फोडायचो. मी बंदूक उचलली. जवळच्या बांबूवर एक थोराड कावळा बसला होता. त्यानं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, आणि माझा हात थांबला.

पितृपक्ष नुकताच संपला होता. आमच्या चाळीच्या गॅलरीत वडील आजोबांचं पान ठेवून हात जोडून उभे होते. कावळा कठड्यावर बसला, पण पानाला शिवेना. गिरणीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढलेली, ऊन डोक्यावर आलेलं. शेवटी वडील त्या कावळ्याला म्हणाले, "अण्णा, गावच्या घराची कौलं यंदा नक्की घालतो." कावळ्यानं भात उचलला. वडिलांनी डोळे पुसले. मी ते बघितलं होतं.

मी नेम धरला, आणि नळी बोटभर बाजूला नेऊन चाप ओढला. कावळा उडाला. मावशी म्हणाली, असू दे, पुन्हा मार. मी पुन्हा तेच केलं. संध्याकाळपर्यंत तेच करत राहिलो, आणि नळी वाकडी आहे असं सांगत राहिलो. तोवर कावळ्यांनी एक अख्खी दोरी रिकामी केली. मित्र धोंडे मारत धावत होता. मी बंदूक हातात धरून उभा होतो. कावळा मारवत नाही, हे सांगायला मला लाज वाटत होती. या लाजेची किंमत ती बाई मोजत होती.

दिवेलागणीला मी तिच्या खाटेजवळ जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. नळी सरळ आहे. मीच मारला नाही. आमच्यात कावळा म्हणजे आजोबा.

मला वाटलं, आता काठी पडणार. तिनं काठी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुजा आजा कावला झाला त मी काय करू? त्याला सांग, येका दोरीवर बस, पोटभर खा. समद्या दोर्‍यांवर कशाला फिरतंस?"

मित्र हसून हसून खाली बसला. मलाही हसू आलं, आणि त्यामागं दुसरंही काही आलं. ती एवढंच म्हणाली, की मारवत नसेल तर तूच उभा राहा.

मग माल वाळेपर्यंत मी उभा राहिलो. आयटीआयला आजारी असल्याचं कळवलं. मावशीचा काळा परकर बांबूला बांधून तो हलवत वलांडीखाली येरझारा घालायचो. कोळीवाड्यातली पोरं मला फिटर सोडून दुसरंच नाव ठेवून मोकळी झाली. ते इथं लिहीत नाही. कावळे मात्र त्या परकराला खरोखर भ्याले. बोंबील वाळून खडखड वाजू लागले, तेव्हा दोर्‍या उतरवायलाही मीच होतो.

तिचा पाय अजून दुखत होता, म्हणून बाजारात पाटी मी नेली आणि तिच्या शेजारी बसलो. थोड्या वेळात समोर माझी आई उभी. पिशवी घेऊन, बोंबील घ्यायला. माझ्या तोंडून 'आई' निघून गेलं. मला बघून तिनं भुवया उंचावल्या, पण आधी घासाघीस केली. मग एक बोंबील उजेडात धरून म्हणाली, "हे टोचलेले दिसतायत गं."

मी मान खाली घातली. मावशीनं मूठभर बोंबील वर टाकले आणि म्हणाली, "यंदा वारं फार होतं, बाय. तुजा पोर होता म्हणून येवढे राहिले."

आई खूश होऊन माझ्याकडं बघत होती. मला खरं सांगायचं होतं. मी तोंड उघडलंही. मावशीनं पाटीखाली माझ्या पायावर तिचा चांगला पाय ठेवला आणि तो पुढचं गिर्‍हाईक येईपर्यंत उचलला नाही.