अक्कांच्या गाडीत कोणतं तेल?

इंजिन ऑइलचा डबा रिकामा झाला म्हणून बाजूला ठेवावा, आणि थोड्या वेळाने बघावं तर तळाशी पुन्हा चमचाभर तेल जमलेलं असतं. शिरपूरला बसस्टँडच्या जरा पुढे माझं ऑइलचं दुकान आहे. तिथल्या किश्श्यांचंही तसंच आहे, संपले म्हणावं तर आणखी निघतात.

दुकानात येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "भाऊ, माझ्या गाडीला कोणतं तेल बरं?" उत्तर गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. पण पुस्तक उघडतो कोण! लोकांना तेलाबरोबर थोडी खात्रीही हवी असते, आणि ती डब्यात भरून येत नाही.

*

एक कापसाचे व्यापारी नवी कोरी गाडी घेऊन आले. डब्याचं झाकण उघडायला लावलं, थेंबभर तेल बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. शेंगदाण्याचं तेल घेताना करतात अगदी तसं! मग तोंड वाकडं करून म्हणाले, "वास बरोबर नाही."

बाकड्यावर नाना बसले होते. नाना म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. सकाळचा चहा घरी घेतात, दिवसभराचे बाकीचे माझ्याकडे.

"शेठ, नुसतं हुंगून काय कळणार? जरा चाखून पाहा ना!"

शेठ खरंच विचारात पडले!

*

नानांचं तेलाबद्दलचं सगळं शास्त्र एका शब्दात मावतं: जाड. आपल्याकडचं ऊन, त्यात घाटाचे रस्ते, पातळ तेल टिकेल कसं? मुलाच्या नव्या गाडीत त्यांनी मला न विचारता ट्रकला घालतात तसलं जाड तेल भरलं. उन्हाळा निभावला. थंडीत एका सकाळी गाडी सुरूच होईना, नुसती कण्हत राहिली. मुलाने पुस्तक आणून पान दाखवलं, "नाना, बघा, पातळ तेल लिहिलंय."

नानांनी पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "तेल बरोबर शे. गाडीच तुनावर गयी शे, सकायले उठत नही!"

उशिरा उठणारा मुलगा ओशाळला, आम्ही खूप हसलो. पण मला नंतर वाटलं, ज्या तेलावर या माणसाने आयुष्यभर लोकांना सुखरूप पोचवलं, ते चूक आहे हे त्याने एका छापील पानावरून कसं मानायचं?

*

सुनंदा अक्का सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर शाळेत शिकवतात. "जयभीम, भाऊ," म्हणत एकदा दुकानात आल्या. गाडी जुनी, पेट्रोलची, इंजिन झिजलेलं आणि चांगलंच तेल पिणारं.

"सगळ्यात भारी तेल द्या."

"अक्का, भारी तेल वेगळं आणि गाडीला लागणारं वेगळं."

"मग मधेच गाडी थांबणार नाही असं द्या."

पाड्यावर चारचाकी तेवढी एकच. ॲम्ब्युलन्सला फोन लागून ती वर चढेपर्यंत वाट बघणं दरवेळी जमत नाही, त्यामुळे अडलेली बाई अक्कांच्या गाडीतूनच दवाखान्यात येते. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की माझी सगळी दुकानदारी गळून पडली. मधेच थांबू न देणारं तेल कोणती कंपनी बनवते? मी म्हणालो, पुस्तकातलं घ्या. नाना म्हणाले, जाड घ्या. अक्का आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिल्या.

*

शेवटी नाना स्वतः अक्कांच्या गाडीत बसून पाड्यावर जाऊन आले.  समोरचा चहा निवला, तरी हात लावला नाही.

"मी त्या रस्त्याला एसटी घातली नसती," ते म्हणाले. "तेल तू म्हणशील ते दे. पण एक डबा कायम डिकीत ठेवायला सांग."

नानांनी जाडचा हट्ट सोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला! आता सगळं माझ्यावर आलं. इंजिन झिजलेलं म्हणून पुस्तकापेक्षा एकच पायरी जाड तेल दिलं, आणि एक डबा डिकीत ठेवला. तेव्हापासून अक्कांचा फोन आला की मी आधी विचारायचो, "गाडी कुठे आहे?"

*

तसा एप्रिलात भर दुपारी दवाखान्यातून फोन आला. "भाऊ, रागवू नका, पण एक विचारायचंय."

अक्का एका सुनेला बाळंतपणासाठी घेऊन निघाल्या होत्या, शेजारी तिची सासू. घाटात तेलाचा लाल दिवा लागला. गाडी बंद करून डिकी उघडली तर डबा नाही! रस्त्यात बंद पडलेल्या एका जीपवाल्याला अक्कांनीच तो देऊन टाकला होता, आणि नवा घ्यायचा राहून गेला होता. फोनला रेंज नाही. मागे सून कळांनी ओरडत होती.

सासूच्या मांडीवर एक बाटली होती. मोहाच्या बियांचं तेल, घरी काढलेलं, रोजच्या खाण्यातलं. बाळंतिणीसाठी म्हणून बरोबर घेतलेलं. तिने ती पुढे केली.

"बाई, आमनं चांगलं तेल शे. हाई टाका."

अक्कांनी सगळी बाटली इंजिनात ओतली. गाडी पुन्हा सुरू केली, तर दिवा विझला. गाडी हळूहळू घाट उतरली आणि दवाखान्याच्या दारात येऊन थांबली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

"आता इंजिनचं काय?" अक्का विचारत होत्या. मी म्हणालो, "आता सुरू करू नका, मी ओढून आणतो."

गाडी आणल्यावर तेल सोडलं, इंजिन धुऊन काढलं. दुकानभर तळणीचा वास सुटला. नाना बाकड्यावर बसून होते, त्यांनी जाड-पातळचा विषयही काढला नाही.

काही दिवसांनी अक्कांबरोबर ती सासू, म्हणजे आता बाळाची आजी, दुकानात आली. दुसरी भरलेली बाटली तिने काउंटरवर ठेवली. "हाई गाडीले."

मग तिने फळ्यांवरचे डबे पाहिले. लाल, सोनेरी, निळे, छतापर्यंत रचलेले. 

"यासमातलं खावानं कोणतं शे?"

"आजी, यातलं एकही खायचं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डब्यांकडे पाहिलं.

"मंग चांगलं कसं?"

नाना बाकड्यावर सरकले आणि त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.