रॉकेलचा वास अन् जीपची टकटक

आज शिलाई मशीन पुसायला रॉकेलची बाटली उघडली अन् वासासरशी मी सावली गावातल्या आमच्या अंगणात पोचले, ऐंशीच्या दशकातल्या.

आमचे हे लाकडाच्या ठेकेदाराची जुनी जीप चालवत. ह्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. ठेकेदाराला कळलं असतं तर ड्रायव्हरकी गेली असती. त्या दिवशी इंजिन वाजतं म्हणून हे जीप घरी घेऊन आले. इंजिनाचं झाकण उघडून रॉकर आर्म म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांमधले पातळ वायसर रॉकेलमध्ये धुतले, झिजलेले बदलले अन् इंजिन चालू केलं. ह्यांच्याऐवजी ऐकायला मी पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली.

“वाजून राह्यलं का?”

“तिसऱ्या सिलिंडरजवळ, टकटक.”

“जोरानं सांग ना वं!”

“जोरानं सांगू त मालकालेच ऐकू जाईन ना जी!”

हे खदखदून हसले. मी तीन बोटं दाखवली. इंजिन बंद करून ह्यांनी तिथं आणखी एक वायसर घातला. पुन्हा ऐकलं, टकटक गेली होती. मी मान हलवली, तसा ह्यांचा चेहरा मोकळा झाला.

आता मला भिंतीवरच्या घड्याळाची टकटकसुद्धा साफ ऐकू येते. कुठी वाजून राह्यलं, हे विचारणारं मात्र घरात कोणी नाई.