मी ढग काढले नाहीत

लाकडी खुर्ची, पाइप वाकवून केलेलं स्टिअरिंग, पत्र्याचं पॅनल आणि त्यामागची वायर न् वायर, सगळं मी स्वतः केलंय. शिकवायला कोणी नव्हतं. सुप्यातल्या आमच्या मागच्या खोलीत आता कॉम्प्युटरवर विमान उडतं.

आज राहात्याचे एक गेम झोनवाले ते बघायला आले. त्यांना शेजारी बसवून पुण्याहून शिर्डीला निघालो. हवामान आत्ताचं, खरं, इंटरनेटवरून आलेलं. शिर्डीला उतरायला जमलंच नाही तर संभाजीनगरपर्यंत पुरेल एवढं इंधन धरलेलं.

वर गेलो आणि सगळं पांढरं झालं. खाली आपलीच उसाची शेतं असणार, पण दिसत काहीच नव्हतं. पॅनलवरचे नुसते काटे हलत होते. अशा वेळी मला खोलीच्या भिंती आठवत नाहीत.

ठरलेल्या उंचीपर्यंत उतरलो, तरी धावपट्टी दिसेना. विमान पुन्हा वर घेतलं.

"अहो दादा, खेळच हाय ना? टेकवा की खाली!"

"दिसल्याशिवाय टेकवायचं नसतं."

दारातून बायको म्हणाली, "म्हणजे आता जेवायला संभाजीनगरलाच का?"

पाहुणे हसले. म्हणाले, "हे सगळं मी घेतो. फक्त ते ढग काढून द्या. गिऱ्हाइकाला लगेच उतरायचं असतं."

तुम्ही काढले असते का? ते अडीच लाख देत होते. मी नाही म्हणालो.